हात आधी, भिंत शेवटी

मित्रांनो, माझं वय झालं आहे, पण मला शोधायला तुम्ही माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत गेलात तर हात हलवत परत याल. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, मला उचलून कुठे ठेवताही येत नाही. मी एक लायब्ररी आहे. लगेच पुस्तकांची कपाटं डोळ्यांसमोर आणू नका. संगणकवाल्यांच्या बोलण्यात लायब्ररी म्हणजे एखादं ठरावीक काम करून देणाऱ्या सूचनांचा संच. त्या एकाने लिहून ठेवायच्या आणि बाकीच्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये आयत्या वापरायच्या. माझं काम व्हिडिओ लहान करण्याचं. अशा कामाच्या सूचनांना कोडेक म्हणतात. तुम्ही मोबाइलवर मावशीशी बोलता तेव्हा तुमचा चेहरा जसाच्या तसा तिकडे जात नाही. तेवढा पाठवायचा तर लाइन तुंबून जाईल. मग माझ्यासारखं कोणीतरी मध्ये बसतं, हे ठेव, ते टाक असं करत चित्र बारीक करतं, आणि पलीकडच्या टोकाला माझीच जुळी बहीण ते पुन्हा उलगडून दाखवते.

यातला टाकण्याचा भाग नीट लक्षात ठेवा. माझं सगळं आयुष्य टाकून देण्यात गेलं. मी एकदा टाकलेलं कुठल्याही कोपऱ्यात साठवलेलं नसतं. ते गेलं की गेलं.

शिवाय मी खुली आहे. माझी प्रत्येक ओळ कोणीही वाचावी, फुकट न्यावी, सुधारावी, आणि सुधारणा जमली तर ती माझ्यात घालायला परत पाठवावी, अशी मला लिहिणाऱ्याची इच्छा होती. ती इच्छा चांगली होती असं मी आजही म्हणते. तरी माझी गोष्ट फारशी हसरी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला लिहिणाऱ्याला मी सुपकान्या म्हणते. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्याच्या ताईने ठेवलेलं आहे. ताई जन्मापासून बहिरी होती. तिचं सगळं बोलणं हातांचं. भावासाठी तिने लहानपणीच एक खूण ठरवून टाकली होती, दोन्ही पंजे कानांमागे धरायचे आणि हलवायचे. त्याचे कान होतेच सुपाएवढे. शाळेत पोरं चिडवायची तेव्हा तो मारामारी करायचा, पण घरी बहिणीने चिडवलेलं त्याला आवडायचं.

घरात सगळ्यांचा ताईवर जीव होता. आई होती, वडील होते, काका आणि आत्या येऊन जाऊन असायचे. पण ताई हातांनी काही सांगायला लागली की त्यांना थोडं कळायचं, थोडं कळायचं नाही, आणि मग ते मान डोलवायचे. हो बाळा, हो हो. ताईला ती मान लगेच ओळखू यायची, कारण अशी मान डोलावणाऱ्याचे डोळे दुसरीकडे गेलेले असतात. ती हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. सुपकान्या मात्र कधी खोटी मान डोलवायचा नाही. कळलं नाही की तो उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर आपटायचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुन्हा'. ताई वैतागायची, डोळे वटारायची, याचे कान नुसते शोभेचेच आहेत असं हातांनी सुनावायची, आणि पुन्हा सांगायची. एवढ्या घरात तिचं पूर्ण ऐकणारा तो एकटाच होता.

पुढे दोघं मोठी झाली. ताई शिवण शिकली आणि दुसऱ्या गावी पडद्यांच्या दुकानात कामाला लागली. जिना चढून गेल्यावर दोन खोल्या, खिडकीपाशी मशीन, शेजारच्या खोलीत तिच्याच दुकानात काम करणारी, तिच्यासारखीच बहिरी असलेली एक बाई. सुपकान्या दुकानांत आणि गोदामांत कॅमेरे बसवणाऱ्या एका कंपनीत लागला. त्याचं लग्न झालं, आईवडील गेले, आणि बहीणभावांत बसचा एक लांबलचक प्रवास येऊन बसला.

तुम्ही म्हणाल, मग एकमेकांना लिहायचं. ताईला शाळेत फार उशिरा घातलं होतं. लिहिणं तिला कधी आपलंसं वाटलं नाही. 'पोचले', 'बरी आहे', 'पडदे संपले' यापलीकडे तिचा मजकूर जायचा नाही. तिच्या हातांत मात्र लांबलचक वाक्यं होती, टोमणे होते, नकला होत्या. मोबाइलवर चित्र दिसायला लागलं तेव्हा सुपकान्याला वाटलं, आता प्रश्न सुटला. पण त्या वेळी लाइन मंद होती, आणि तेव्हाची कोडेकं चेहऱ्याला आणि स्वस्थ बसलेल्या वस्तूंना जपणारी. ताईचे हात हलायला लागले की बोटांच्या जागी पिठाचा गोळा दिसायचा.

"तुझ्या मागच्या पडद्यावरची फुलं मोजता येतील मला," तो हातांनी म्हणायचा. "बोटं तेवढी दिसत नाहीत."

"मग पडद्याशीच बोल," ताईचं उत्तर. तेही त्याला तिसऱ्यांदा कळायचं.

या भांडणातून माझा जन्म झाला. चित्र बारीक कसं करतात हे सुपकान्याला नोकरीपायी शिकावंच लागलं होतं. सुटीच्या सकाळी तो जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून मला लिहायला बसायचा. बाकीच्यांनी आधी काय राखलं आणि काय टाकलं हे त्याने बघितलं, आणि सगळं उलटं केलं. जिथे बारीकशी गोष्ट भरभर हलते आहे तिथे सर्वांत जास्त जागा द्यायची. चेहरा त्यानंतर. मागची भिंत, पडदा, कपाट यांना उरलंसुरलं. माझ्या पहिल्याच पानावर त्याने हा नियम लिहून ठेवला होता: हात आधी, भिंत शेवटी.

"ते टेबल रिकामं कर रे, ताटं मांडायचीत," त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणायची.

"थांब जरा. एवढी बोटं होऊ दे."

"मागच्या आठवड्यातही बोटंच चालली होती. हात पुरा कधी होणार?"

हात एकदाचा पुरा झाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा ताईकडे गेले. खरं तर तिच्या टॅबलेटमध्ये आणि याच्या मोबाइलमध्ये, दोन्हीकडे एकाच वेळी. ताईने टॅबलेटवर आपली छोटी चौकट पाहिली, वळून मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "माझ्या भिंतीला काय झालं? पोपडे आलेत का?"

"भिंत गेली खड्ड्यात. बोटं दाखव."

तिने एकेक बोट उघडून दाखवलं. अंगठ्याला शिवणाची सुई टोचल्याची खूण होती, तीसुद्धा दिसली. मला वाटलं होतं की ती रडेल. ती रडली नाही. तिने दुकानदाराची नक्कल केली, तो कापड मोजताना जीभ कशी बाहेर काढतो, गिऱ्हाईक गेल्यावर कसा बदलतो, सगळं. सुपकान्या हसून हसून टेबलावर आडवा झाला. इतक्या वेळात त्याला फक्त एकदाच मूठ तळव्यावर आपटावी लागली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस कोणता असं मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं तर तो हा.

सुपकान्या ताईचे कॉल साठवून ठेवायचा. मला तपासायला ते उपयोगी पडत. काही बदललं की तो एखादा जुना कॉल माझ्यातून काढायचा आणि बोटं शाबूत आहेत ना ते बघायचा. ताईला हे सांगितलं तेव्हा तिने एकच अट घातली. "मला कुणाला दाखवू नकोस. हसतील." त्याने कबूल केलं आणि शब्द पाळला. मग मला जगासाठी खुलं करायची वेळ आली तेव्हा माझ्यासोबत तपासणीसाठी दुसरेच व्हिडिओ गेले. एकात चेंडू उडत होता, एकात झाड हलत होतं, एकात टाय घातलेला माणूस बातम्या वाचत होता. माझ्यात कोणीही काही बदललं की हे व्हिडिओ आपोआप माझ्यातून जायचे, आणि सगळं ठीक असलं तर हिरवा दिवा लागायचा. ताईच्या हातांचा व्हिडिओ त्यात नव्हता. तो सुपकान्याच्या संगणकात, कुलपात होता. बहिणीला दिलेला शब्द पाळणारा भाऊ चुकला असं मी कशी म्हणू?

त्यानंतर माझे भरभराटीचे दिवस आले. मी फुकट होते, हलकी होते, मंद लाइनवरही धावायचे. दाराच्या घंटीतल्या कॅमेऱ्यात मी गेले, बाळाच्या पाळण्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रात गेले, शिकवणीच्या वर्गांत, दवाखान्यांत गेले. कुठे कुठे मी काम करत होते हे सुपकान्यालाही माहीत नव्हतं. ओळखदेख नसलेले लोक त्याला शाबासकी पाठवायचे. त्याची बायको शेजारणीला कौतुकाने सांगायची, आणि शेजारीण विचारायची, पण ते नक्की करतात काय.

शाबासकीच्या मागोमाग तक्रारी आल्या. अमक्या फोनवर हिरवी रेघ उमटते, आजच्या आज दुरुस्त करा. तमक्या कॅमेऱ्यात चित्र अडकतं, आमचं काम खोळंबलंय. लिहिणाऱ्यांनी कधी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं आणि बोलायचे मात्र घरगड्याशी बोलावं तसे. सुपकान्या सगळ्यांना सभ्यपणे उत्तरं द्यायचा. नोकरी करून आल्यावर द्यायचा, सुटीच्या दिवशी द्यायचा, जेवताना डाव्या हाताने द्यायचा. हळूहळू बायकोने टेबल रिकामं करायला सांगणं सोडून दिलं. घरातली जेवणं स्वयंपाकघरात जमिनीवर व्हायला लागली, आणि ते अख्खं टेबल माझं झालं.

मदतीला माणसं येत, चार दिवस राबत आणि जात. टिकला तो एकच, मार्कवाला. हे नाव त्याला सुपकान्याने गमतीने ठेवलं होतं. तो एका मोठ्या कंपनीत होता आणि माझ्यावर काम करायला कंपनीने त्याला मोकळं सोडलं होतं. हुशार, मेहनती, बोलायला गोड. त्याचं वेड एकच. चित्र किती चांगलं दिसतं याचे मार्क काढायची एक रीत या धंद्यात आहे. पूर्ण चौकटीतला प्रत्येक ठिपका मूळ चित्राशी ताडून बघायचा आणि सगळ्याची सरासरी काढायची. त्या मोजणीत भिंतीचा ठिपका आणि बोटाचा ठिपका यांची किंमत सारखीच. आणि भिंत नेहमी बोटांपेक्षा मोठी असते.

एक दिवस त्याने सुपकान्याला लिहिलं, "सर, हा 'हात आधी' नावाचा नियम कोण वापरतं? याला एकही टेस्ट नाही. याच्यामुळे आपले मार्क जातात. काढला तर कोड पण सुटसुटीत होईल."

सुपकान्याने तो निरोप वाचला. माझी बहीण वापरते, असं लिहायला त्याने सुरुवातही केली. मग ताईला दिलेला शब्द आठवला. नीट विचार करून उद्या लिहू असं म्हणून त्याने ते पुसलं. उद्या आणखी तक्रारी आल्या आणि तो निरोप त्यांच्याखाली गाडला गेला. उत्तर आलं नाही म्हणजे हरकत नाही, असं मार्कवाल्याने धरलं. त्याच्या जागी कोणीही तसंच धरलं असतं.

पुढचा प्रसंग सांगताना मला अजून जड जातं. सुटीची दुपार होती. टेबलावरच्या संगणकात एका खिडकीत ताईचा कॉल चालू होता. कोणीतरी पडदे उलटे शिवून दिले होते आणि गिऱ्हाइकाने ते तसेच लावले होते, असं काहीतरी ती सांगत होती. सांगताना तिलाच हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या खिडकीत मार्कवाल्याने पाठवलेला बदलांचा गठ्ठा उघडा होता. चेंडू पास, झाड पास, टायवाला माणूस पास. सगळे दिवे हिरवे. एका ओळीत लिहिलं होतं, 'विनावापर जुना भाग काढला'. तो भाग कोणता हे बघायला थोडं खाली जावं लागलं असतं. सुपकान्या दमलेला होता, आणि ताईचा जुना कॉल काढून तपासणं त्याने केव्हाच सोडलं होतं. त्याने 'मंजूर' दाबलं. त्याच वेळी ताईने गोष्ट संपवून भुवया उंचावल्या, "समजलं का?" आणि त्याने तिच्याकडे न बघता मान डोलावली.

मी त्या क्षणी दोन्ही खिडक्यांत होते. इकडे मी ताईची बोटं नीट सांभाळून आणत होते, आणि तिकडे ती कशी सांभाळायची हेच माझ्यातून पुसलं जात होतं. मला ओरडता येत नाही. ताईसारखे हातही मला नाहीत.

नवं व्हर्जन लगेच सगळीकडे पोचत नाही. काही आठवडे जुन्या सवयीवर निघाले. मग एका सकाळी ताईच्या टॅबलेटने स्वतःहून अपडेट घेतला. सुपकान्याच्या मोबाइलने तो आधीच घेतला होता. पुढच्या कॉलला ताईच्या मागची भिंत छान दिसायला लागली. पडदा दिसला, पडद्यावरची फुलंही दिसली. हात मात्र पिठाचा गोळा झाले होते.

सुपकान्याला वाटलं, लाइन खराब आहे. लाइन पूर्वीही खराब असायची आणि तो मूठ आपटून पुन्हा विचारायचा. पण आता कॉल चालू असतानाच पलीकडच्या खिडकीत तक्रारी टपटप पडत असत. पुन्हा विचारायचं म्हणजे पुन्हा बघत बसायचं. त्यापेक्षा मान डोलावणं सोपं होतं. पुढच्या वेळी लाइन बरी असेल तेव्हा नीट बोलू, असं तो मनाशी म्हणायचा. ते त्याला खरंच वाटायचं.

ताई हळू बोलायला लागली. एकेक खूण सुटी करून दाखवायला लागली. मग ती खिडकीजवळ उजेडात बसायला लागली. मग फुलाफुलांचे कपडे सोडून गडद, एकरंगी घालायला लागली, हात उठून दिसावेत म्हणून. एकदा ती नवा चष्मा लावून बसली. त्याचे हात तिलाही धूसर दिसत होते, तेव्हा आपले डोळे गेले असं तिने ठरवून टाकलं होतं. सुपकान्याने हे सगळं पाहिलं आणि कशाचं कारण विचारलं नाही. चष्मा छान दिसतोय, एवढंच त्याने अंगठा वर करून सांगितलं. दर कॉलच्या शेवटी ती भुवया उंचावून विचारायची, समजलं का? भुवया माझ्या नव्या नियमातही स्पष्ट दिसायच्या. तो मान डोलवायचा.

कॉल आठवड्यावरून महिन्यावर गेले. मग नुसते शब्द यायला लागले. 'बरी आहे.' 'पडदे संपले.' आणि मग एक दिवस ताईच्या नंबरवरून तिच्या शेजारणीने लिहिलेला मजकूर आला. 'ताई गेली. झोपेत. या.'

सगळं उरकल्यावर सुपकान्या ताईच्या खोल्या आवरायला मागे थांबला. मी त्याच्या खिशात होते आणि खिडकीपाशी ठेवलेल्या टॅबलेटमध्येही होते. मशीनवर अर्धा शिवलेला पडदा तसाच होता. शेजारीण आली आणि न्हाणीच्या दारामागून एक पसरट पातेलं उचलून निघाली. ती त्याच्या ताईपेक्षा बरीच लहान होती. तिने पातेलं खाली ठेवलं, हात मोकळे केले आणि म्हणाली, "हे माझं आहे. तिला दिलं होतं."

"कशाला?"

"गरम पाण्यात हात बुडवून बसायची. तुमच्याशी बोलायच्या आधी. म्हणायची, बोटं आखडलीत माझी, भावाला कळेनासं झालंय."

सुपकान्याने विचारलं, "आखडली होती?"

"कुठली आखडतात. शेवटपर्यंत माझ्यापेक्षा भरभर शिवत होती. मी तिला सांगायची, तुझं सगळं कळतं मला. तर म्हणायची, तुला कळून काय करू." सांगावं की नाही असं शेजारणीच्या हातांत दिसत होतं. मग तिने सांगितलं. "म्हणायची, आता तोही मान डोलावतो."

सुपकान्या ताईच्या खुर्चीवर बसला. मग त्याने टॅबलेट उघडला, शेजारणीला त्याच्यासमोर बसवलं आणि म्हणाला, "काहीही बोला. तुमच्या मनात येईल ते." आणि मोबाइल घेऊन तो जिन्यात गेला.

मोबाइलवर त्याला ताईची भिंत दिसली, पडद्याची फुलं दिसली, आणि त्या तरुण, धडधाकट बाईच्या हातांच्या जागी पिठाचा गोळा दिसला. तो दारात येऊन तिच्याकडे बघायचा, तिथे प्रत्येक बोट वेगळं होतं. पुन्हा जिन्यात जाऊन मोबाइलमध्ये बघायचा. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि मोबाइल त्याने मांडीवर पालथा ठेवला. माझी एकही ओळ उघडून बघायची त्याला गरज पडली नाही. काय उसवलं आहे ते त्याला कळलं होतं, आणि कोणी मंजूर केलं होतं तेही.

घरी आल्यावर त्याने शेवटचे साठवलेले कॉल उघडले. चित्र मोठं केलं, उजळ केलं, हळू केलं. ताईच्या हातांच्या जागी चौकोन होते, एकेका रंगाचे. तो दिवसच्या दिवस त्या चौकोनांत बोटं शोधत बसायला लागला. बायको येऊन त्याच्या मागे उभी राहायची.

"जे नाही ते कुठून दिसेल रे?" ती एकदा म्हणाली.

"मीच शिकवलंय हिला टाकायला," तो म्हणाला. 'हिला' म्हणजे मला.

मार्कवाल्याला त्याने सगळं लिहून कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. "मला माहीत नव्हतं, सर. कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक जरी टेस्ट असती तरी लाल दिवा लागला असता." ते खरं होतं, म्हणूनच सुपकान्याला जास्त लागलं. नियम परत घालायचं मात्र जमलं नाही. तोवर मी फार जणांची झाले होते. त्यामुळे मार्क कमी होतील, कंपन्या कुरकुर करतील, हवा तर घालू पण बंद ठेवून घालू, अशी चर्चा लांबत गेली आणि विरून गेली. मग सुपकान्याने माझी जुनी प्रत, नियम पुसण्याआधीची, बाजूला काढून घेतली.

तुमच्याशी बोलते आहे ती मी, ती प्रत. माझी धाकटी जगभर हिंडते आहे, तिचं छान चाललं आहे, तुमच्या खिशातही ती असेल. मी दोनच ठिकाणी राहते. एक सुपकान्याच्या मोबाइलमध्ये आणि दुसरं ताईच्या त्या टॅबलेटमध्ये. तो टॅबलेट आता शेजारणीकडे असतो. त्याची कड फुटली आहे, बॅटरी फुगायला लागली आहे. नव्या यंत्रांवर मला चालवायचं तर माझ्यात पुष्कळ बदलावं लागेल, आणि सुपकान्याला आता जवळचं नीट दिसत नाही. माझी ओळ न् ओळ खुली आहे, कोणीही उघडून वाचावी, पण बऱ्याच दिवसांत कोणी आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याने केली. शेजारणीला विचारून त्याने तिच्या हातांचा व्हिडिओ घेतला. "तोंड नको, हात दाखवा," ती म्हणाली होती. तो व्हिडिओ आता माझ्या या प्रतीत चेंडू, झाड आणि टायवाल्या माणसाच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला आहे. बोटं वितळली की आता लाल दिवा लागतो. ज्या बोटांसाठी हे करायचं होतं ती गेल्यावर हे झालं.

शेजारीण आठवड्यातून एकदा कॉल करते. तिच्या मागची भिंत पोपडे आल्यासारखी दिसते आणि बोटं लख्ख दिसतात. ताईच्या त्या कॉलच्या वेळी ती बाजूलाच शिवत बसलेली असायची, त्यामुळे ताई काय काय सांगत होती ते तिला माहीत आहे. ते ती थोडं थोडं करून सांगते. मोठं असं काहीच नव्हतं. गुडघा दुखतो. दुकानदाराने मिशी काढली, आता ओळखू येत नाही. त्या उलट्या पडद्यांचं पुढे काय झालं. सुपकान्या ऐकून घेतो आणि ठरल्या जागी हसायचा प्रयत्न करतो.

शेजारीण वेगळ्या शाळेत शिकलेली. तिच्या काही खुणा त्याला येत नाहीत. मागच्या कॉलला तिने असंच काहीतरी भरभर सांगितलं. त्याला ते कळलं नाही, आणि सवयीने त्याची मान खाली जायला लागली. ती अर्ध्यातच थांबली. त्याने डावा तळवा पुढे केला आणि उजवी मूठ त्यावर आपटली. पुन्हा.

तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. "तुम्ही कॉल बंद केलात, की ती बंद टॅबलेटसमोर हे करायची." आणि शेजारणीने दोन्ही पंजे आपल्या कानांमागे धरले आणि हलवले.

मी ती दहाच्या दहा बोटं त्याच्यापर्यंत पोचवली. भिंत टाकली, पडदा टाकला, चेहराही थोडा टाकला. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

मित्रांनो, माझे दिवस आता थोडे आहेत आणि माझं मागणं लहान आहे. कुठलीही जुनी गोष्ट कोणाच्या कामाची नाही असं वाटलं तर टाकण्याआधी एकदा विचारा, आणि उत्तर आलं नाही तर तेच हो समजू नका. ज्याला तिची सर्वांत जास्त गरज असते, त्याला तक्रार लिहिता येत असेलच असं नाही. आणि समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर मान डोलवू नका. मूठ तळव्यावर आपटा. तो समोर बसला आहे तोवरच त्याला पुन्हा सांगता येतं.